आधी छप्पर, मग यंत्र

आळंदीहून पुण्याकडे येणाऱ्या रस्त्यावर विश्रांतवाडी ही वस्ती आहे. ज्येष्ठ वद्यात श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघाली म्हणजे दिघी ओलांडून याच वाटेने ती पुण्यात येते. त्या दिवशी वारकऱ्यांना पाणी, फराळ आणि घटकाभर सावली देण्यासाठी रस्त्याकडेची घरे उघडी असतात. कळस, धानोरी, लोहगाव ही लगतची गावे दोन पिढ्यांपूर्वी शेतीचीच गावे होती. आज ती पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. लोहगावचा उरलेला भाग २०१७ साली हद्दीत आला. शेते पुष्कळशी गेली, थोडी राहिली. परंतु गावठाणातील जुनी घरे अद्याप उभी आहेत आणि त्यांत माणसे राहत आहेत.

अशा घरांकडे नीट पाहिले म्हणजे एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांचा इतिहास छपरावर वाचता येतो. आजोबांच्या वेळी मातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी माळा आणि माळ्यावर कौले असत. पुढे दर पावसाळ्यापूर्वी घर शाकारणारा माणूस मिळेनासा झाला, कौले फुटली, घर गळू लागले. म्हणून वडिलांच्या वेळी कौले उतरून पत्रा चढविण्यात आला. माळ्याचे लाकूड किडले होते, तेही निघाले. नातवाने पुढचा सोपा पाडून तेथे स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. प्रत्येक पिढीने आपल्या काळाची अडचण दूर केली, यात संशय नाही. घर गळावयाचे थांबले. मात्र ते तापू लागले. आता चौथी पिढी त्या तापलेल्या घरात थंड हवेचे यंत्र बसविण्याच्या विचारात आहे. दुसरे काही जण घर पाडूनच टाकावे असे म्हणतात.

हे दोन्ही मार्ग उतावळेपणाचे आहेत. जुने घर सुधारण्यास एक क्रम आहे. तो पाळला तर थोड्या खर्चात घर निवते, विजेचे बिल उतरते आणि पुष्कळदा यंत्राची गरजच उरत नाही. क्रम उलटा केला तर पैसा जातो आणि उकाडा राहतो. विश्रांतवाडीच्या घरांबद्दल जे खरे आहे, तेच शहराच्या कडेला आलेल्या प्रत्येक गावाबद्दल आणि पत्र्याखाली राहणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याबद्दल खरे आहे. यास्तव हा विषय शेतीच्या पत्रिकेत यावा, हे योग्यच होय.

कांदाचाळीचा धडा

पुणे जिल्ह्यात राजगुरुनगर येथे कांदा व लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. खेड, जुन्नर, शिरूर या तालुक्यांतील शेतकऱ्याला कांदाचाळ कशी बांधावी हे आज कोणी सांगावे लागत नाही. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असावा. तळाला व बाजूंना हवा खेळण्यास फटी असाव्यात. कांद्याच्या थराची रुंदी चार फुटांच्या आसपास असावी. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी. छप्पर बाजूंनी पुढे आणावे, म्हणजे कांद्यावर ऊन येत नाही. आणि पत्रा फार तापतो म्हणून कौले किंवा सिमेंटचे पन्हळी पत्रे घालावेत. हे सर्व नियम शेतकऱ्याने अनुभवाने पटवून घेतले आहेत. कारण नियम मोडला की कांदा सडतो, आणि सडलेल्या कांद्याचा हिशेब बाजारात लगेच कळतो.

गोठ्याचेही तसेच. संकरित गाय उन्हाने बेजार झाली म्हणजे दूध घटते, हे शेतकरी दुसऱ्याच दिवशी मापात पाहतो. म्हणून गोठ्याचे छप्पर उंच असावे, त्यावर पांढरा रंग द्यावा, पश्चिमेला झाडे लावावीत, असा सल्ला पशुवैद्य देतात आणि तो मानलाही जातो.

मात्र त्याच शेतकऱ्याची वृद्ध आई भर मे महिन्याच्या दुपारी उघड्या पत्र्याखाली निजलेली असते. त्याची पत्नी त्याच पत्र्याखाली चुलीपुढे बसलेली असते. मुले रात्री अकरापर्यंत अंगणात ताटकळतात, कारण आत झोप लागत नाही. या घराचा तळ, वारा, सावली आणि छप्पर यांचा विचार मात्र कोणी करीत नाही. कांद्याच्या नासाडीला भाव आहे, दुधाच्या घटीला माप आहे. माणसाच्या उकाड्याला माप नाही, एवढाच काय तो फरक. कांद्याला दिलेली सावली घरातील माणसांनाही मिळाली पाहिजे, एवढेच या लेखाचे मागणे आहे.

ऊन घरात येते कोठून

पूर्वीचे पुणे हे हवेचे गाव समजले जाई. आता तसे म्हणवत नाही. २०१९ सालच्या एप्रिलच्या अखेरीस शहरातील पारा ४३ अंशांच्या आसपास गेला होता. एरवीही एप्रिलमधील कमाल तापमान सरासरीने ३८ अंशांच्या घरात असते. हे ऊन घरात कोणत्या वाटेने शिरते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

पुण्याच्या अक्षांशावर १३ मे च्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली त्या क्षणी नाहीशी होते. म्हणजे ज्या दिवसांत उन्हाळा सर्वांत कडक, त्याच दिवसांत सूर्याची किरणे भिंतींवर तिरपी पण छपरावर सरळ पडतात. दुपारी बाराला छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट इतकी उष्णता येते. एका चौरस मीटरवर एक लहान शेगडी, असा याचा अर्थ होतो. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीच्या छपरावर अशा नऊ शेगड्या दुपारभर पेटलेल्या असतात. गंजलेला जुना पत्रा अशा वेळी साठ अंशांच्या वर तापतो आणि ती उष्णता खालच्या माणसांवर फेकतो.

स्लॅबची तऱ्हा निराळी आहे. चार इंचांचा स्लॅब दुपारी उष्णता पिऊन घेतो व दोन-तीन तासांनी ती आत सोडू लागतो. म्हणून स्लॅबची खोली दुपारी बरी वाटते आणि सूर्य मावळल्यावर, माणूस कामावरून दमून आल्यावर, भट्टीसारखी होते. केंद्र शासनाने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. तिच्यात छपरातून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे : बाहेर-आत एका अंशाचा फरक असता दर चौरस मीटरमागे १.२ वॅट. उघडा चार इंची स्लॅब या मर्यादेच्या सुमारे तिप्पट उष्णता आत सोडतो. परंतु ही संहिता नव्या व मोठ्या बांधकामांसाठी आहे. जुन्या घराला कोणतीच संहिता नाही. त्याचा वाली घरमालक स्वतःच.

आजोबांच्या घरात हा प्रश्न नव्हता. कौले तापत, पण कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई. खाली माळ्याच्या फळ्या असत व माळ्यावर धान्याची पोती, गोवऱ्या, जुने सामान असे. दोन छपरांमध्ये हवेचा थर राही. घर निवत असे ते याच कारणाने; जुन्या लोकांची हाडे काटक होती म्हणून नव्हे.

पहिले काम : छपराची दुरुस्ती व पांढरा रंग

सर्वांत आधी छपराची गळती व मजबुती पाहावी. गळके छप्पर रंगविणे म्हणजे फुटक्या घागरीला कल्हई करण्यासारखे आहे. स्लॅबवर पाणी साचत असेल तर उतार काढून घ्यावा, भेगा भराव्यात. पुण्याकडे स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालण्याची रीत आहे. तो गळती थांबवितो व उष्णताही काही अंशी अडवितो. कोब्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसविली तर ऊन परत फेकले जाते व छप्पर पुष्कळ वर्षे टिकते. मात्र यात वजन वाढते. स्लॅबची ताकद जाणकाराकडून तपासूनच हे काम करावे.

वजनाविषयी महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. तेथील माळवदाची घरे उन्हाळ्यात थंड असत. पण गळती थांबविण्यासाठी माळवदावर पिढ्यान्‌पिढ्या मातीचे थर चढत गेले होते आणि त्यांखालच्या दगडी भिंती नुसत्या चिखलात रचलेल्या होत्या. तेच वजन झोपलेल्या माणसांवर आले. म्हणून जुन्या भिंतींवर माती, विटा, पाण्याच्या टाक्या वा कुंड्या यांचा नवा भार घालू नये. घर थंड करण्याचा पहिला उपाय बिनवजनी असावा. असा उपाय म्हणजे पांढरा रंग.

पांढरे छप्पर बहुतेक ऊन परत पाठविते. अशा छपराखालची खोली साधारणतः दोन ते पाच अंशांनी थंड राहते, असा अनुभव निरनिराळ्या ठिकाणी आला आहे. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेच्या लाटेविरुद्ध कृती आराखडा केला व पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम त्यात घेतले. तेलंगण राज्याने २०२३ साली ‘शीत छपरां’चे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. हे काम कठीण नाही. स्लॅबसाठी कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवून विरवावा, गाळून घ्यावा, त्यात डिंक किंवा चिकटद्रव्य मिसळावे, छप्पर खरवडून व धुऊन कोरडे करावे आणि दोन-तीन हात द्यावेत. चुना विरताना उकळी येते. मुलांना दूर ठेवावे व डोळे जपावेत. पावसाळ्यात चुना धुपतो, म्हणून दरवर्षी होळीच्या आधी एक हात पुन्हा द्यावा.

पत्र्याला मात्र चुना लावू नये. ओला चुना जस्त खातो आणि पत्रा लवकर गंजतो. पत्र्यावरील गंज घासून, आधी गंजरोधक अस्तर देऊन, वर बाहेरील कामाचा पांढरा उष्णतारोधक रंग द्यावा. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते घासू नयेत, कापू नयेत वा त्यांना भोके पाडू नयेत. त्यांतील ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते. असे पत्रे नुसते पाण्याने हलके धुऊन रंगवावेत.

पत्र्याखाली पुन्हा माळा घालता आला तर उत्तम. फळ्या, बांबूच्या तट्ट्या किंवा सिमेंटचे हलके तक्ते यांपैकी जे परवडेल ते घ्यावे. पत्रा व माळा यांत एक-दीड फूट जागा ठेवावी आणि दोन्ही टोकांना जाळी लावलेले झरोके ठेवावेत, म्हणजे मधली गरम हवा निघून जाईल. स्वयंपाकघरावर मात्र तट्ट्या किंवा गोणपाट वापरू नये; आगीचे भय असते.

पांढऱ्या छपरामुळे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे घर किंचित अधिक गार लागेल, ही गोष्ट खरी आहे. पण पुण्याची थंडी घोंगडीने भागते. मे महिन्याचा उकाडा कशानेच भागत नाही.

दुसरे काम : पश्चिमेची सावली व रात्रीचा वारा

छपरानंतर पश्चिमेची भिंत. दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन तिच्यावर पडते. येथे शेतकऱ्याचे ज्ञान थेट उपयोगी पडते. पश्चिमेला भिंतीपासून तीन-चार फुटांवर मांडव घालून उन्हाळी दोडका, कारली किंवा दुधी भोपळा लावावा. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत बी टोकले तर एप्रिलमध्ये मांडव भरतो. पावसाळी घोसाळी जूनमध्ये लावून उन्हाळ्याची सावली मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. मोरीचे पाणी वेलाच्या आळ्यात सोडले तर वेगळे पाणी लागत नाही. कायमच्या सावलीसाठी कडुनिंबाचे झाड घरापासून पंधरा-वीस फुटांवर लावावे. वड, पिंपळ भिंतीजवळ कदापि रुजू देऊ नयेत.

मातीच्या भिंती जेथे अद्याप आहेत तेथे त्या पाडण्याची घाई करू नये. दीड-दोन फूट रुंदीची मातीची भिंत दिवसाचे ऊन आत पोहोचू देत नाही. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मात्र करू नये. जमिनीतून चढलेली ओल सिमेंटच्या मागे कोंडते, माती मऊ होते व गिलावा पोपडे धरून सुटतो. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच मानवतो. भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचू न देणे हे तिचे अर्धे आयुष्य आहे.

यानंतर वारा. पुण्याच्या हवेचा एक गुण अजून शिल्लक आहे. एप्रिलमध्ये दुपारी ३८ अंश असले तरी पहाटेचा पारा वीस-एकवीस अंशांपर्यंत उतरतो. दाट वस्तीत तो तितका उतरत नाही, तरी दिवस व रात्र यांतील फरक मोठाच राहतो. हा फुकट मिळणारा गारवा घरात घेण्याची युक्ती जुन्या बायकांना ठाऊक होती. सकाळी नऊ-दहा वाजता खिडक्या-दारे लोटून घ्यावीत. सूर्यास्तानंतर ती उघडावीत व रात्रभर उघडी राहू द्यावीत. आज लोक याच्या उलट करतात. दिवसभर खिडकी उघडी असते आणि रात्री चोर व डास यांच्या भयाने बंद होते. त्यासाठी गज आणि डासांची जाळी बसवावी. हा खर्च थंड हवेच्या यंत्राच्या मानाने काहीच नाही. जुन्या भिंतींतील जे झरोके नूतनीकरणात बुजविले गेले असतील, ते पुन्हा उघडावेत. छताजवळ एक झरोका व समोरच्या भिंतीत खाली एक खिडकी असली म्हणजे गरम हवा वरून जाते व थंड हवा खालून येते. कांदाचाळीत फटी ठेवतात त्या याच कारणासाठी.

तिसरे काम : चूल व अंघोळीचे पाणी

घरात उष्णता बाहेरूनच येते असे नाही. ती आत निर्माणही होते. धुराच्या चुलीचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ तयार झाली. पुढे १९८०-९० च्या दशकांत सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. चुली बसविल्या गेल्या. पण धुराडे साफ करण्याची रीत घरच्या बाईला कोणी शिकविली नाही, म्हणून त्यांतील पुष्कळशा काही वर्षांत मोडीत निघाल्या. आज गॅस घरोघरी आला आहे. तरी सिलिंडर पुरवून वापरण्यासाठी परसात चूल पेटतेच. ती परसातच, उघड्या पडवीत राहावी; पत्र्याच्या बंद खोलीत येऊ नये.

ज्यांच्याकडे दोन-तीन जनावरे आहेत, त्यांनी गोबरगॅसचा विचार अवश्य करावा. विश्रांतवाडीहून फार दूर नसलेल्या देहू येथे डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेली गॅस संयंत्रे उभारली व त्या कामात आयुष्य घालविले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्या अन्नावर चालणारे लहान संयंत्र विकसित केले. जागा व शेण ज्यांच्यापाशी नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग आहे.

अंघोळीच्या पाण्याचा बंब एके काळी प्रत्येक घरात होता. त्याची जागा आता विजेच्या कांडीने किंवा गिझरने घेतली आहे. घरातील विजेचा मोठा वाटा यात जातो. छपरावर जागा असेल तर सौर उष्णजल यंत्र हा जुन्या घरातील सर्वांत शहाणा खर्च होय. पावसाळ्यात ढगाळ दिवशी ते पुरे पडत नाही, त्या दिवसांसाठी बंब ठेवावा. पुणे महानगरपालिका असे यंत्र, पर्जन्यजल संधारण किंवा गांडूळखत प्रकल्प चालविणाऱ्या मिळकतींना करात सवलत देत आली आहे. ही सवलत पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांनी यंत्र बसविले आहे त्यांनी तिची चौकशी करावी.

चौथे काम : विजेचा हिशेब

आता वीज. समजा, एका जुन्या घरात तीन पंखे आहेत व ते रोज बारा तास फिरतात. जुना पंखा ७५ वॅटचा असतो. महिन्याला तीन पंख्यांची ८१ युनिटे झाली. जुन्या धाटणीच्या चार ट्यूबलाइट चोकसह प्रत्येकी ५० वॅट घेतात. रोज पाच तासांप्रमाणे ३० युनिटे. दीड किलोवॅटची पाणी तापविण्याची कांडी रोज एक तास, ४५ युनिटे. फ्रिज, दूरचित्रवाणी वगैरे मिळून ४५. एकूण २०१ युनिटे.

याच घरात ३० वॅटचे नवे पंखे बसविले तर ३२ युनिटे लागतात. २० वॅटच्या एलईडी नळ्यांना १२ लागतात. पाणी उन्हावर तापू लागले तर कांडीची ४५ युनिटे वाचतात. फ्रिज वगैरे तसेच ठेवले तरी एकूण ८९ युनिटे होतात. म्हणजे ११२ युनिटे वाचली. महावितरणच्या दररचनेत पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो व त्यापुढच्या युनिटांचा ऊर्जा आकार दुपटीच्या आसपास जातो. वाचलेली युनिटे वरच्या, महाग टप्प्यातून वजा होतात. म्हणून युनिटे निम्म्याने उतरली की बिल निम्म्याहूनही खाली येते. नव्या पंख्यावर तारांकनाची पट्टी पाहूनच तो घ्यावा; २०२३ सालापासून पंख्यांना ती सक्तीची झाली आहे.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. एक किलोवॅटचे सौर वीजपट पुण्यात रोज सरासरी चार युनिटे, म्हणजे महिन्याला १२० युनिटे देतात. पंखे, नळ्या व पाणी यांत वाचलेली वीज जवळजवळ एका किलोवॅटच्या पटांइतकी आहे. जी वीज लागतच नाही, तिच्यासाठी छपरावर पट लावावे लागत नाहीत.

२०२४ साली केंद्र शासनाने ‘प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू केली. तीत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरविण्यात आले. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. ही चळवळ निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु अनुदानाचा आकडा मोठा दिसला की मोठे संयंत्र घ्यावे असा मोह होतो, आणि अनुदानाबाहेरची रक्कम तर घरमालकालाच भरावी लागते. आधी गरज उतरवावी, मग संयंत्राचे माप ठरवावे. जुन्या पत्र्यावर पट बसविण्यापूर्वी खालचे वासे, कैच्या व भिंती तपासाव्यात, जुनी वायरिंग बदलावी व अर्थिंग करून घ्यावे. पटांच्या सावलीने छप्परही थोडे निवते, हा लाभ वेगळाच.

भाड्याच्या खोल्या

विश्रांतवाडी-धानोरीसारख्या भागांत एक निराळी अडचण आहे. शेत गेल्यावर अनेकांनी उरलेल्या जागेत पत्र्याच्या खोल्या काढल्या व त्या मजूर कुटुंबांना भाड्याने दिल्या. उकाडा भाडेकरू सोसतो, बिलही तोच भरतो. छप्पर मालकाचे आहे, पण ते रंगविण्यात मालकाचा फायदा नाही. भाडेकरू रंगवील तर उद्या खोली सोडावी लागली म्हणजे खर्च वाया जाईल, अशी भीती त्याला वाटते. म्हणून कोणीच रंगवीत नाही.

यावर कायद्याची वाट पाहत बसण्यापेक्षा मालकांनीच पुढे यावे. जो शेतकरी गाईसाठी गोठा पांढरा करतो, त्याला आपल्या खोलीतील तान्ह्या मुलासाठी पत्रा पांढरा करणे जड वाटू नये. रंगामुळे पत्र्याचे आयुष्य वाढते व खोली रिकामी पडत नाही, हा मालकाचाही लाभच आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

घराच्या दुरुस्तीचे शिक्षण गावोगाव देता येते काय, असे कोणी विचारील. महाराष्ट्राने ते एकदा दिलेले आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर नवी घरे बांधण्याबरोबरच सुमारे दोन लाख जुन्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण मूळ जागीच करण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावच्या महिला मंडळांतील स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केले. अभियंत्याची भाषा घरच्या बाईला आणि घरच्या बाईची अडचण अभियंत्याला समजावून देणे, हे त्यांचे काम होते. घरात दिवसातले सर्वाधिक तास जी घालविते, तिला विचारल्याशिवाय घर सुधारत नाही, हा त्या कामाचा धडा आहे.

शेतीविस्ताराचे जुने शस्त्र म्हणजे प्रात्यक्षिक. नवे बियाणे शेजारच्या शेतात डोलताना दिसल्याशिवाय शेतकरी ते पेरीत नाही. घराचेही तसेच करावे. गावठाणात एकमेकांस लागून असलेल्या, सारख्याच मापाच्या दोन पत्र्याच्या खोल्या निवडाव्यात. एकीचा पत्रा फेब्रुवारीत पांढरा करावा, दुसरीचा तसाच ठेवावा. दोन्हींत एकेक तापमापक माणसाच्या उंचीवर, भिंतीपासून दूर टांगावा. एप्रिल-मेमध्ये रोज दुपारी दोन व रात्री नऊ वाजता नोंद घेऊन ती चावडीच्या फळ्यावर लिहावी. शाळेच्या मुलांकडे ही नोंद सोपविली तर आकडे घरोघर पोहोचतील. दोन खोल्यांतील फरक एकदा फळ्यावर दिसला म्हणजे व्याख्यानाची गरज उरणार नाही. उकाड्यालाही मग माप मिळेल, जसे दुधाला व कांद्याला आहे.

हे काम कोणत्याही एका खात्याचे नाही, म्हणूनच ते राहून गेले आहे. शेतीचा कार्यकर्ता बांधापर्यंत येतो, वीज खात्याचा माणूस मीटरपर्यंत येतो आणि आरोग्यसेविका आजाऱ्याच्या खाटेपर्यंत येते. त्या खाटेवरच्या छपराकडे मात्र कोणीच मान वर करून पाहत नाही. पुढच्या वेळी शेतकऱ्याच्या घरी चहाला बसलेल्या कार्यकर्त्याने एकदा वर पाहावे, पत्र्याला हात लावून पाहावा आणि कांदाचाळीची आठवण करून द्यावी. पालखीच्या वाटेवरील घराने वाटसराला सावली द्यावी, ही या गावांची जुनी रीत आहे. घरातील माणसालाही तीच सावली मिळावी, आणि त्याची सुरुवात येत्या होळीपूर्वी एका पांढऱ्या छपराने व्हावी.